पहिला गगनप्रवासी : पिलात्र द रोझिये

आमच्या शाळेंत येणारे पुष्कळ विद्यार्थी लालबाग, परळ, दादर व गिरगांव या भागांत राहणारे आहेत. लालबागेहून दादरला जाणें ही गोष्ट त्यांस इतकी परिचयाची आहे कीं, तिजविषयीं कोणी लेख लिहील असें त्यांच्या स्वप्नींहि येणार नाहीं. तथापि १८७७ सालीं जोसेफ लिन नांवाच्या एका गृहस्थानें हाच प्रवास बलुनांत बसून केला. लालबागेंतील बागेमधून तो आकाशांत चढला आणि वाऱ्यानें नेलें तिकडे जात दादरास उतरला. त्यानंतर सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं, म्हणजे २६ नोव्हेंबर २००५ रोजीं, आमच्याच मुंबईंतील महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून श्रीयुत विजयपत सिंघानिया हे वयाला ६७ वर्षें झालीं असतां तप्त हवेच्या बलुनांतून सुमारें ६९,००० फूट उंच गेले, व नाशिक जिल्ह्यांत सिन्नर तालुक्यांतील पंचाळे येथें सुखरूप उतरले. तप्त हवेच्या बलुनानें इतकी उंची त्यापूर्वीं कोणीहि गांठली नव्हती.

या गोष्टी वर्गांत सांगत असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस प्रश्न केला कीं, अशा पिशवीखालीं पहिल्यानें उभा राहण्यास जो मनुष्य तयार झाला, त्याला आपल्या जिवाची भीति वाटली नव्हती काय. तेवढ्यांत घंटा झाली आणि उत्तर अर्धवट राहिलें. तें पुरें करण्यासाठीं त्या मनुष्याचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों. पुढेंमागें कोणा विद्यार्थ्यास बलुनांत बसण्याची संधि आली, तर त्यासहि तें उपयोगीं पडेल.

झां फ्रांस्वा पिलात्र द रोझिये याचा जन्म ३० मार्च १७५४ रोजीं फ्रान्स देशाच्या ईशान्य भागांतील मेत्स या शहरीं झाला. त्याचा बाप पूर्वीं शिपाई होता; पुढें तो खाणावळ चालवूं लागला. मुलानें शल्यवैद्य व्हावें असा घरच्यांचा विचार होता, परंतु त्या काळची चिरफाड पाहून त्याचें मन विटलें. मग तो औषधें तयार करणाऱ्या एका दुकानदाराकडे उमेदवार राहिला. तेथें खलबत्ता, भट्टी आणि काचेच्या कुप्या यांच्या सहवासांत त्याला रसायनशास्त्राची जी गोडी लागली, ती शेवटपर्यंत सुटली नाहीं. अठरा वर्षांच्या सुमारास तो पॅरिसला आला. जवळ पैसा नव्हता व मोठ्या घराण्याचें नांवहि नव्हतें. थोडी विद्या आणि पुष्कळ हौस एवढेंच काय तें भांडवल होतें. कांहीं काळ त्यानें रांस शहरीं विद्यार्थ्यांना पदार्थविज्ञान व रसायन हे विषय शिकविले. तेव्हां तो मूळचा आमच्याच व्यवसायांतला, हें सांगण्यास आम्हांस साहजिकच आनंद वाटतो.

पुढें त्याला राजघराण्याचा आश्रय मिळाला, आणि १७८१ सालीं त्यानें पॅरिसमध्यें स्वतःचें एक विद्यामंदिर उघडलें. त्यास तो म्यूझियम म्हणत असे. परंतु कपाटांत वस्तु मांडून ठेवण्याचें तें ठिकाण नव्हतें. तेथें उपकरणें व ग्रंथ होते, व्याख्यानें होत असत, आणि वर्गणी भरणाऱ्या स्त्रीपुरुषांस शास्त्रीय प्रयोग स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतां येत. त्याच्या स्वभावांतील दोन बाजू येथेंच दिसून येतात. एकीकडे, दूषित वायु साठलेल्या खड्ड्यांत व टांक्यांत उतरणारे मजूर गुदमरून मरत, त्यांच्यासाठीं त्यानें श्वास घेण्याचें एक साधन तयार केलें, व तें स्वतः वापरून दाखविलें. दुसरीकडे, प्रेक्षकांना थक्क करण्यासाठीं तो हायड्रोजन वायु छातींत भरून घेई आणि बाहेर पडणारा श्वास पेटवून दाखवी. एकदां त्यांत साधी हवा मिसळून असा स्फोट झाला कीं, तो थोडक्यांत बचावला. हा प्रयोग आमच्या प्रयोगशाळेंत कोणी करावयाचा नाहीं, हें आम्ही येथें स्पष्ट बजावून ठेवतों. लोकांच्या उपयोगाची तळमळ आणि लोकांच्या वाहवाची आवड या दोन्ही गोष्टी त्या एकाच मनुष्याच्या ठिकाणीं होत्या, एवढें मात्र वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

इकडे दक्षिण फ्रान्समधील आनोने या गांवीं कागदाच्या कारखान्याचे मालक जोसेफ व एतिएन मोंगोल्फिए या दोघां भावांनीं ४ जून १७८३ रोजीं लोकांसमक्ष एक मोठी कापडी पिशवी धुरानें भरून आकाशांत सोडली. कापडाला आंतून कागद लावलेला होता. धुरामध्येंच कांहीं विशेष उचलण्याची शक्ति आहे असा त्यांचा समज होता, म्हणून ते ओला पेंढा आणि लोंकर जाळीत. खरें कारण धूर नसून ऊष्णता हें आहे. हवा तापली म्हणजे पसरते, आणि तितक्याच जागेंत पूर्वींपेक्षां कमी वजनाची हवा मावते. साधारण वर्गाची खोली आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि चार मीटर उंच धरली, तर तींतील हवेचें वजन सुमारें २३० किलो भरतें. ती हवा १०० अंशांपर्यंत तापविली, तर सुमारें ४८ किलो हवा बाहेर निघून जाईल. म्हणजे खोलीएवढी हलकी पिशवी असेल तर ती स्वतःच्या वजनासकट एका मध्यम बांध्याच्या मुलाएवढाच काय तो भार उचलील. दोनचार माणसें न्यावयाचीं असल्यास पिशवी याच्या दसपट मोठी कां लागते, हें यावरून सहज ध्यानांत येईल.

आनोनेची बातमी पॅरिसला पोंचतांच मोठी खळबळ उडाली. प्रोफेसर शार्ल यानें २७ ऑगस्ट रोजीं हायड्रोजननें भरलेलें लहान बलून सोडलें. तें गोनेस गांवीं पडलें तेव्हां घाबरलेल्या गांवकऱ्यांनीं त्याच्या चिंध्या केल्या. १९ सप्टेंबर रोजीं व्हर्साय येथें राजाराणीसमक्ष एतिएन मोंगोल्फिए यानें आपल्या बलुनाखालीं पिंजरा बांधून एक मेंढी, एक बदक व एक कोंबडा यांस वर पाठविलें. आठ मिनिटांनीं बलून सुमारें दोन मैलांवर उतरलें. तेथें धांवत जाऊन प्रथम पोंचणाऱ्यांत पिलात्र होता. मेंढी शांतपणें चरत होती. कोंबड्याचा पंख मात्र दुखावला होता. वरच्या हवेनें असें झालें कीं काय, अशी विद्वानांत चर्चा सुरू झाली. पण पुढें चौकशी होतां असें ठरलें कीं, निघण्यापूर्वींच मेंढीनें त्याला लाथ मारली होती.

आतां मनुष्याची पाळी आली. सोळाव्या लुई राजानें ठरविलें कीं, हें धोक्याचें काम देहान्ताची शिक्षा झालेल्या कैद्यांकडून करवावें, आणि ते जगले तर त्यांस सोडून द्यावें. पिलात्रला हें सहन झालें नाहीं. आकाशांत प्रथम जाण्याचा मान गुन्हेगारास मिळावा हें त्यास मानहानीचें वाटलें; शिवाय गुन्हेगार वर जाऊन काय पाहणार आणि परत येऊन काय सांगणार, हाहि प्रश्न होताच. मार्की दार्लांद या सरदारानें दरबारांत खटपट केली आणि राजानें परवानगी दिली.

येथें त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मिळतें. परवानगी मिळविणारा हा उतावळा मनुष्य एकदम मोकळ्या आकाशांत उडाला नाहीं. १५ ऑक्टोबर १७८३ रोजीं रेव्हेयाँ नांवाच्या कागदाच्या व्यापाऱ्याच्या आवारांत, दोर बांधलेल्या बलुनांतून, तो केवळ ८४ फूट वर गेला. म्हणजे साधारण सातआठ मजली इमारतीइतकाच. नंतर त्यानें पुनःपुन्हां तसेच प्रयोग केले. विस्तव किती घातला म्हणजे बलून किती चढतें, कमी केला म्हणजे किती वेळांत उतरतें, झाडावर अडकलें तर पुनः वर कसें न्यावें, हें सर्व तो दोराच्या आधारानें शिकला. त्याला भीति वाटलीच नाहीं असें आम्हांस वाटत नाहीं. भीतीनें त्याला दोर बांधावयास शिकविलें, आणि त्या दोरानें त्याला विद्या दिली.

२१ नोव्हेंबर १७८३ हा दिवस उजाडला. पॅरिसच्या कडेला ला म्युएत येथील राजवाड्याच्या बागेंत निळ्या रंगाचें व सोनेरी चित्रांनीं सजविलेलें, सुमारें ७० फूट उंच व ४६ फूट रुंद असें बलून उभें होतें. सकाळच्या चांचणींत वाऱ्यानें तें फाटलें. तेव्हां मंडळींनीं तें घाईघाईनें शिवून काढलें. दुपारीं दोनच्या सुमारास पिलात्र आणि दार्लांद हे दोघे बलुनाच्या खालच्या कडेभोंवतीं बांधलेल्या सज्जांत समोरासमोर उभे राहिले. तोल राखण्यासाठीं तसें उभें राहणें भाग होतें. मध्यें शेगडी व बलुनाचें तोंड असल्यामुळें एकाला दुसरा दिसत नव्हता. दोर सोडले. प्रेक्षकांत अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिनहि होता.

पृथ्वी सोडून मोकळ्या आकाशांत निघालेले हे पहिले दोन मानव. दार्लांद खालीं सेन नदी व शहर पाहण्यांत इतका गढून गेला कीं, शेगडींत पेंढा घालण्याचें विसरला, आणि पिलात्रनें त्याला पलीकडून दरडावून कामाला लावलें. पुढें बलुनाच्या कापडाला ठिणग्यांनीं लहान लहान भोकें पडूं लागलीं. बरोबर पाण्याची बादली व स्पंज घेतलेला होता. त्यानें तीं ठिकाणें विझवितां आलीं. सुमारें तीन हजार फुटांपर्यंत चढून, पंचवीस मिनिटांत साडेपांच मैलांवर, बुत् ओ काय या टेकाडावर पवनचक्क्यांच्या मधोमध ते उतरले. गिरगांवाहून निघून दादरच्या कांहींसें पलीकडे जावें इतकें तें अंतर होय. पिलात्रनें अंगांतला कोट काढून ठेवला होता. जमलेल्या लोकांनीं आठवण म्हणून त्याचे तुकडे करून वाटून घेतले.

बलुनांत प्रथमच बसणाऱ्या मनुष्यास उपयुक्त अशा बहुतेक गोष्टी या एका प्रवासांत आल्या आहेत. आज पेंढ्याच्या ऐवजीं प्रोपेन गॅसचा बर्नर असतो, कागदी अस्तराच्या कापडाऐवजीं नायलॉन असतें, आणि माणसें वेताच्या मजबूत टोपलींत उभीं राहतात. परंतु मूळ नियम तेच आहेत. बलुनास सुकाणूं नसतें. वारा नेईल तिकडे तें जातें. चालकाला फक्त वर किंवा खालीं जाऊन सोईचा वारा शोधतां येतो. बलून वाऱ्याबरोबरच चालत असल्यामुळें आंत बसणाराला वारा बहुधा लागतच नाहीं, आणि उंच गच्चीवरून खालीं पाहतांना जसे डोळे फिरतात तसे येथें सहसा फिरत नाहींत. उतरतांना टोपली जमिनीवर आपटण्याचा किंवा फरफटण्याचा संभव असतो. म्हणून गुडघे किंचित् वांकवून दांडी घट्ट धरावी, आणि चालकानें सांगितल्याशिवाय बाहेर पाऊल टाकूं नये. एक मनुष्य अकस्मात् उतरला तर तितकें वजन कमी होऊन बलून पुनः वर उसळतें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची होय. बलून पहांटे, किंवा सायंकाळीं सूर्य मावळण्यापूर्वीं, वारा मंद असतां सोडतात. भूगोलांत मुलें खारे वारे आणि मतलई वारे यांविषयीं शिकतात. मुंबईसारख्या ठिकाणीं हा धडा केवळ परीक्षेपुरता नाहीं. पहांटे मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे जातात. अशा वेळीं गिरगांवांतून निघालेलें बलून खालच्या थरांतच राहिलें तर अरबी समुद्रावर जाईल. म्हणून जो चालक आकाशाकडे पाहून आज जावयाचें नाहीं असें सांगतो, त्याच्यावर प्रवाशानें रागावूं नये. तोच खरा जाणता चालक होय. हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण आमच्या चरित्रनायकाचा पुढील इतिहास याच एका गोष्टीभोंवतीं फिरतो.

पहिल्या उड्डाणानंतर पिलात्रची कीर्ति युरोपभर पसरली. १९ जानेवारी १७८४ रोजीं लियों येथें जोसेफ मोंगोल्फिए याच्यासह सात माणसें एका प्रचंड बलुनांतून वर गेलीं, त्यांत तो होता. २३ जून १७८४ रोजीं व्हर्सायहून, फ्रान्स व स्वीडन येथील राजांच्या समक्ष, प्रूस्त या रसायनशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन तो सुमारें दहा हजार फुटांपर्यंत चढला, व पाऊण तासांत तीसबत्तीस मैल दूर शांतिई गांवाजवळ उतरला. त्या दिवशीं मनुष्य आणि तप्त हवेचें बलून यांनीं उंचीचा व अंतराचा नवाच उच्चांक केला.

आतां त्याच्या मनानें घेतलें कीं, फ्रान्सहून इंग्लंडला इंग्लिश खाडी ओलांडून जावयाचें. कालोन नांवाच्या मंत्र्यानें त्यासाठीं सरकारी तिजोरींतून मोठी रक्कम दिली. तप्त हवेच्या बलुनाला सतत जळण लागतें, तें खाडीभर पुरणें कठीण. हायड्रोजनचें बलून पुष्कळ वेळ टिकतें. पण वर जावयाचें तर वाळूच्या पिशव्या टाकाव्या लागतात आणि खालीं यावयाचें तर वायु सोडावा लागतो, व दोन्ही लवकरच संपतात. पिलात्रनें या दोहोंची जोड घातली. वर हायड्रोजनचा गोल, आणि खालीं तप्त हवेचा नळकांड्यासारखा भाग. वजन गोलानें उचलावें, आणि चढउतार विस्तव कमीजास्त करून साधावी. कल्पना खरोखर बुद्धिमान् होती. तींत दोष एकच, पण तो प्राणघातक : भडका घेणाऱ्या वायूखालीं पेटती शेगडी. शार्लनें याविषयीं त्याला सावध केलें होतें, असें सांगतात.

१७८५ च्या आरंभीं तो बूलोन बंदरीं सिद्ध होऊन बसला. परंतु फ्रान्सकडून इंग्लंडकडे जाणारा वारा मिळेना. इतक्यांत ७ जानेवारी रोजीं ब्लांशार नांवाचा त्याचा प्रतिस्पर्धी व अमेरिकन डॉक्टर जेफ्रीझ हे दोघे इंग्लंडांतील डोव्हरहून निघून खाडी ओलांडून फ्रान्समध्यें उतरले. पहिलेपणाचा मान गेला. तेव्हां बेत सोडून द्यावा असें पिलात्रला वाटूं लागलें होतें. पण पॅरिसला मंत्र्याकडून त्याला कठोर उत्तर मिळालें, कारण तिजोरींतला पैसा खर्च झालेला होता. तो परत बूलोनला आला. आठवडे गेले, महिने गेले. ऊन, पाऊस व उंदीर यांनीं बलुनाचें कापड जागोजागीं खराब झालें. लोक थट्टा करूं लागले. बूलोनजवळच राहणाऱ्या एका इंग्रज तरुणीशीं त्याचा विवाह ठरला होता, असेंहि त्याचे चरित्रकार लिहितात.

अखेर १५ जून १७८५ रोजीं सकाळीं सातच्या सुमारास तो निघाला. बरोबर बलून बांधण्यांत साह्य करणारा पिएर रोमँ होता. मेझोंफोर नांवाच्या एका तरुण सरदारानें आपणासहि न्यावें म्हणून फार आग्रह धरला. त्यासाठीं पैसे देऊं केले. पिलात्रनें त्याला निक्षून नाहीं म्हटलें. हवेचा भरंवसा नाहीं आणि यंत्राचाहि नाहीं, तेव्हां दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणें त्याला प्रशस्त वाटलें नाहीं. या नकारानें मेझोंफोरचे प्राण वांचले.

प्रथम बलून समुद्रावर गेलें. मग वारा फिरला, आणि त्यानें तें पुनः किनाऱ्याकडे लोटलें. निघाल्यापासून सुमारें अर्ध्या तासानें, जमिनीपासून सुमारें दीड हजार फुटांवर असतां, लोकांना वरच्या गोलापाशीं एकाएकीं गडबड दिसली. कांहीं म्हणतात ज्वाळा दिसली. कांहींच्या मतें झडप ओढतांना जीर्ण कापड फाटलें व वायु निघून गेला. कसेंहि असो, बलून दगडासारखें विमरू गांवाजवळ कोसळलें. पिलात्र जागींच ठार झाला. रोमँ कांहीं क्षण जिवंत होता. आकाशांत प्रथम जाणारा मनुष्य आकाशप्रवासांत प्रथम प्राण गमावणाराहि ठरला. त्याचें वय अवघें ३१ वर्षांचें होतें. जवळच्या विमिल गांवीं त्या दोघांस मूठमाती देण्यांत आली.

हें चरित्र वाचतांना आमचें मन वारंवार त्या सरदाराला दिलेल्या नकारापाशीं थांबतें. हवा बरी नाहीं, कापड जीर्ण झालें आहे, हें सर्व पिलात्रला ठाऊक होतें. तें ठाऊक नसतें तर त्यानें दुसऱ्याला अडविलें नसतें. जें ज्ञान त्यानें मेझोंफोरसाठीं वापरलें, तें स्वतःसाठीं व रोमँसाठीं त्याला वापरतां आलें नाहीं. घेतलेला पैसा, दिलेला शब्द, प्रतिस्पर्ध्याचा विजय आणि लोकांचें हंसें, या चार गोष्टींनीं त्याला वर ढकललें. दोन वर्षांपूर्वीं ८४ फुटांच्या दोरावर संतोष मानून पायरीपायरीनें शिकणारा जो मनुष्य होता, तोच हा, हें मनांत येऊन वाईट वाटतें. त्याचा उपहास करण्याचा अधिकार मात्र आम्हांपैकीं कोणासहि नाहीं. चार माणसांनीं टाळ्या वाजवाव्या म्हणून न झेपणारें काम अंगावर घेण्याचा मोह आम्हां शिक्षकांना होतो आणि विद्यार्थ्यांनाहि होतो. फरक इतकाच कीं, आमचें बलून फार उंचावर नसतें.

त्याची कल्पना मात्र त्याच्याबरोबर मेली नाहीं. हायड्रोजनऐवजीं न पेटणारा हेलियम वायु वापरून तशाच जोड बलुनें पुढें बांधण्यांत आलीं, आणि त्या जातीला त्याच्याच नांवावरून रोझिये म्हणतात. अशाच एका बलुनांतून स्वित्झर्लंडचा बर्त्रां पिकार व इंग्लंडचा ब्रायन जोन्स या दोघांनीं मार्च १९९९ मध्यें, वाटेंत कोठेंहि न उतरतां, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. त्यांस सुमारें वीस दिवस लागले. त्यांनींहि वारा अनुकूल होईपर्यंत पुष्कळ दिवस वाट पाहिली होती.

तेव्हां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर आतां पुरें देतां येतें. पहिल्या गगनप्रवाशाला भीति वाटली होती, असेंच आम्हांस वाटतें. जोंवर तो तिचें ऐकत होता, तोंवर ती त्याची चांगली गुरु होती. ज्या दिवशीं त्याला लोकांच्या बोलण्याची भीति पडण्याच्या भीतीपेक्षां मोठी वाटूं लागली, त्या दिवशीं त्याचा घात झाला. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी बलुनांत बसो वा न बसो, पण लालबागेहून दादरकडे जातांना एखादे दिवशीं वर मोकळ्या आकाशाकडे पाहून त्यानें या दोन भीतींतला भेद मनाशीं नीट ओळखून ठेवावा.